यंत्रगुमास्त्याची शिकवणी

नाशिकहून निफाडमार्गे येवल्याकडे निघाले म्हणजे वाटेत विंचूर लागते. पेशवाईतील सरदार विठ्ठल शिवदेव यांच्या घराण्याला ज्या गावावरून विंचूरकर हे नाव पडले, तेच हे गाव होय. सरदारांचा काळ गेला. आता गावाची ओळख आहे ती कांद्याने भरलेल्या ट्रॅक्टरांच्या रांगांवरून. लासलगाव कृषी उत्पन्न बाजार समितीचे उपबाजार आवार येथे आहे. औद्योगिक वसाहतीत द्राक्षांपासून मद्य करणाऱ्या कारखान्यांसाठी राखलेला भाग आहे, आणि भोवतालच्या शिवारात कांदा व द्राक्षे यांवाचून फारसे दुसरे बोलणे निघत नाही. मुंबईच्या किंवा पुण्याच्या घरात सकाळी विळीवर येणारा कांदा पुष्कळदा याच पंचक्रोशीतून आलेला असतो.

अशा या गावी शेतकऱ्यांनी मिळून काढलेली एक लहानशी कंपनी आहे, असे या भाषणापुरते धरून चालावे. ती सभासदांना बियाणे, खते, औषधे पुरविते. माती तपासून आणविते. बाजाराची माहिती देते. तिच्या कचेरीत एक टेलिफोन आहे आणि त्या टेलिफोनपाशी एक माणूस बसलेला आहे. सभासद त्याला नुसते 'भाऊ' म्हणतात. दिवस उजाडला की त्याचा फोन वाजू लागतो. उद्या लिलाव आहे का? गोल्टीला काय भाव निघाला? सोयाबीनचे बियाणे आले का? चाळीतला कांदा काजळला, आता काय करावे? एकाला उत्तर देईतो चौघांचे फोन परत जातात. मग एके दिवशी शहरातून एक तरुण विक्रेता येतो आणि सांगतो की, कृत्रिम बुद्धिमत्तेचा 'चॅटबॉट' आठ दिवसांत बसवून देतो. तो रात्रंदिवस बोलेल, थकणार नाही, रजा मागणार नाही, आणि एकाच वेळी शंभर जणांना उत्तरे देईल. संचालकांना ही गोष्ट पसंत पडते. विक्रेत्याचे म्हणणे खोटे नसते. बसविण्याचे काम खरोखरच आठ दिवसांचे आहे. परंतु बसविणे निराळे आणि शिकविणे निराळे. कोणत्याही शाळेत हजेरीपटावर नाव चढविण्याचे काम पहिल्याच दिवशी आटोपते, तसेच हे आहे.

शहरातील श्रोत्यांना या यंत्रगुमास्त्याची ओळख नवी नाही. रेल्वेच्या तिकिटांच्या संकेतस्थळावर २०१८ सालापासून 'आस्कदिशा' नावाचा असा सहायक आहे. बँका, विमा कंपन्या, घरपोच सामान देणारे व्यापारी, सर्वांच्या दाराशी आता तोच उभा असतो. त्याचा वंश मात्र वाटतो त्यापेक्षा जुना आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्येच्या संस्थेत जोसेफ वाइझेनबॉम या अध्यापकाने १९६६ साली 'एलायझा' नावाची एक आज्ञावली प्रसिद्ध केली. समोरचा जे बोलेल त्यातीलच शब्द उचलून ती त्याला प्रश्न विचारी. एखाद्याने म्हटले, "मला आईची आठवण येते," तर ती म्हणे, "आईविषयी आणखी सांगा." तिला समजत काहीच नव्हते. तरीसुद्धा वाइझेनबॉमची सेक्रेटरी, जिने ते काम होताना डोळ्यांनी पाहिले होते, ती तिच्याशी बोलता बोलता इतकी रमली की तिने साहेबांनाच खोलीबाहेर जाण्याची विनंती केली. यंत्राच्या अंगी शहाणपण आहे असे मानण्यास माणूस किती उत्सुक असतो, याचा हा पहिला अनुभव. आणि वाइझेनबॉम पुढे आयुष्यभर याच धास्तीविषयी लिहीत राहिला.

त्यानंतरची कित्येक वर्षे अशी यंत्रे ठरावीक प्रश्नांना ठरावीक उत्तरे देत राहिली. 'मराठीसाठी एक दाबा' हा प्रकार त्याच कुळातला. २०१७ साली गूगलमधील संशोधकांनी भाषेवर काम करणारी एक नवी रचना जगापुढे मांडली, आणि तिच्या पायावर उभा राहिलेला 'चॅटजीपीटी' ३० नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वांस खुला झाला. या नव्या यंत्राला अफाट मजकूर वाचावयास दिलेला असतो, आणि एक तुकडा पुढे आला की त्यामागून कोणता तुकडा येणे संभवनीय आहे हे सांगण्याचा अभ्यास त्याजकडून कोट्यवधी वेळा करवून घेतलेला असतो. त्यामुळे ते अस्खलित बोलते. मात्र त्याच्या वाचनात इंग्रजीचा वाटा प्रचंड आणि मराठीचा त्या मानाने थोडा. इतकेच नव्हे, तर ते वाक्य ज्या बारीक तुकड्यांत फोडून घेते ते तुकडेही मुख्यतः इंग्रजीच्या सोयीने पाडलेले असल्यामुळे, तेवढ्याच अर्थाच्या मराठी वाक्याचे पुष्कळदा अधिक तुकडे होतात. या सेवेचे मोल तुकड्यांवर आकारतात. म्हणजे विंचूरच्या शेतकऱ्याने आपल्या भाषेत विचारलेला प्रश्न लंडनच्या माणसाच्या प्रश्नापेक्षा महाग पडतो!

असा हा बहुश्रुत विद्यार्थी विंचूरच्या कचेरीत आला म्हणजे त्याची पहिली फजिती शब्दांत होते. शेतकरी विचारतो, "चाळ फोडली, निम्मा माल खराब निघाला, काय करू?" कांदा साठविण्याची, खालून-बाजूने वारा खेळता ठेवणारी लांबट शेड म्हणजे चाळ, आणि विक्रीसाठी ती उघडणे म्हणजे चाळ फोडणे, हे या भागातील पोरासोरांस ठाऊक असते. परंतु छापील मराठीत चाळ म्हटली की ती गिरगावातली किंवा परळची, दोन मजल्यांची आणि सामाईक नळाची. यंत्राने या शेतकऱ्यास इमारतीच्या दुरुस्तीविषयी सल्ला दिला तर त्यात त्याचा फारसा अपराध म्हणता येणार नाही. 'पट्टी' हा शब्दही तसाच. शाळेत ती मोजण्याची, गाण्यात ती स्वराची. बाजारात पट्टी म्हणजे मालाचे वजन, भाव, हमाली, तोलाई आणि हाती पडावयाची रक्कम लिहिलेला हिशेबाचा कागद. 'पात पिळली' म्हणजे कांद्यावरील एका रोगाची तक्रार, 'गोल्टी' म्हणजे लहान आकाराचा कांदा. हे शब्द कोणत्याही मोठ्या कोशात शोधीत बसण्यापेक्षा फोनपाशी बसणाऱ्या त्या भाऊकडे पंधरा दिवस बसून, येणारा प्रत्येक प्रश्न आला तसा, त्याच शब्दांत, वहीत उतरून घेणे हाच उत्तम मार्ग होय. शिकवणीचा पहिला पाठ हा आहे, आणि शिकविणारे लोक नेमका हाच गाळतात. कारण त्यात संगणक लागत नाही.

अशी वही फार मोठ्या प्रमाणावर आपल्या देशात पूर्वीच लिहिली गेली आहे. केंद्र सरकारने जानेवारी २००४ मध्ये 'किसान कॉल सेंटर' सुरू केले. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर शेतीचे शिक्षण घेतलेली माणसे शेतकऱ्यांना त्यांच्या त्यांच्या भाषेत उत्तरे देतात, आणि त्या प्रश्नोत्तरांच्या नोंदी सरकारने अभ्यासकांस खुल्या केलेल्या आहेत. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये पंतप्रधान किसान सन्मान निधीच्या चौकशीसाठी 'किसान ई-मित्र' हा चॅटबॉट आला, आणि २०२५ साली महाराष्ट्राच्या कृषी विभागाने 'महाविस्तार' हे ॲप काढून त्यात मराठीत बोलणारा सहायक ठेवला. यंत्राने शेतकऱ्याशी मराठीत बोलावे ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही. ते काय बोलते, हाच प्रश्न उरला आहे.

येथे 'शिकविणे' या शब्दाचा उलगडा करणे जरूर आहे. विंचूरची कंपनी यंत्राला मुळापासून शिकवीत नाही. ते काम करावयास सहस्रावधी संगणक आणि अपार द्रव्य लागते. ती करते ते एवढेच की, आपल्याजवळचे कागद यंत्राच्या हाती देते: दरपत्रके, बियाण्यांची माहिती, विद्यापीठाच्या शिफारशी, बाजाराच्या सुट्ट्या, पंधरा दिवसांची ती वही. हे कागद परिच्छेदापरिच्छेदाने वेगळे करून ठेवलेले असतात. प्रश्न आला म्हणजे यंत्र त्याच्याशी अर्थाने जवळचे चार-दोन परिच्छेद शोधून काढते आणि ते समोर ठेवून उत्तर रचते. पुस्तक उघडे ठेवून परीक्षेस बसविल्यासारखा हा प्रकार आहे. यावर कोणी म्हणेल की मग चूक होईलच कशी? पुस्तक उघडे ठेवून परीक्षेला बसलेली मुले ज्यांनी पाहिली आहेत ते असे म्हणणार नाहीत. चुकीचे पान उघडता येते, आणि पान बरोबर असूनही ते जुने असू शकते.

या दुसऱ्या धोक्याचे उदाहरण शोधावयास विंचूरकरांना दूर जावे लागत नाही. कांद्याची परदेशी रवानगी चालू आहे की नाही, आणि कर किती, या प्रश्नावर येथील भाव हलतो. १९ ऑगस्ट २०२३ रोजी सरकारने निर्यातीवर ४० टक्के कर बसविला. ऑक्टोबरअखेरीस टनामागे ८०० डॉलर ही किमान निर्यात किंमत ठरविली. ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद केली, ती प्रथम ३१ मार्च २०२४ पर्यंत आणि पुढे बेमुदत. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली. परंतु ५५० डॉलरची किमान किंमत आणि ४० टक्के कर राहिला. १३ सप्टेंबर २०२४ रोजी किमान किंमत गेली आणि कर २० टक्क्यांवर आला. १ एप्रिल २०२५ पासून तोही गेला. दोन वर्षांच्या आत एकाच प्रश्नाची सहा उत्तरे झाली, आणि त्या त्या दिवशी प्रत्येक खरे होते! यंत्राच्या कपाटात हे सहाही कागद पडलेले असतील, आणि कोणत्याही कागदाच्या माथ्यावर 'अमुक दिवसापासून अमुक दिवसापर्यंत' असे लिहिलेले नसेल, तर ते कोणता उचलील याचा नेम नाही. मे महिन्यात चाळ भरून बसलेल्या शेतकऱ्यास त्याने सांगितले की निर्यात बंद आहे, तर तो धास्तावून पडेल त्या भावाने माल मोकळा करील. म्हणून जुने कागद कपाटातून काढणे हे नवे कागद घालण्याइतकेच महत्त्वाचे काम होय. त्याला कोणी तरी एक माणूस नेमला पाहिजे, आणि तो नेमला जात नाही. घरातील औषधांच्या पेटीची जी अवस्था असते तीच कचेरीतल्या कागदांची.

चुकीच्या पानाची गोष्ट द्राक्षांच्या बाबतीत अधिक बिकट आहे. नाशिककडे द्राक्षवेलीची वर्षातून दोन वेळा छाटणी होते. एप्रिलच्या सुमारास होते ती खरड छाटणी, आणि ऑक्टोबरच्या सुमारास, फळासाठी होते ती गोडी छाटणी. बागायतदार फोनवर एवढेच विचारतो, "छाटणीला चाळीस दिवस झाले, आता कोणता फवारा घ्यावा?" भाऊ उत्तर देत नाही. तो उलट विचारतो, "नाना, खरड का गोडी?" वस्तुतः कॅलेंडराकडे पाहिले तरी उलगडा व्हावा, पण आगाप छाटणाऱ्या बागा असतात, पावसाने लांबलेल्या असतात, आणि भाऊने हे पाहिलेले असते. खरड छाटणीनंतर वेलीत काडी तयार करावयाची असते, गोडीनंतर घड पोसावयाचा असतो. एकीकडचा उपाय दुसरीकडे लावणे म्हणजे बागेशी वैर. यंत्र मात्र उलट विचारीत नाही. उत्तर देणे हाच त्याचा जन्मस्वभाव. अर्धा प्रश्न आला तर उरलेला अर्धा ते मनाने भरून घेते आणि मोठ्या आत्मविश्वासाने बोलून टाकते. वर्गात हात वर करण्याची घाई असलेला हुशार मुलगा असाच असतो. त्याला 'थांब, आधी प्रश्न पुरता ऐक' हे शिकविण्यास जे श्रम पडतात तेच येथे पडतात. 'छाटणी' हा शब्द आला आणि कोणती ते सांगितलेले नसले, तर विचारल्यावाचून पुढे जाऊ नये, असा नियम लेखी घालून द्यावा लागतो. आणि तो पाळला जातो की नाही हे तऱ्हेतऱ्हेने विचारून पाहावे लागते, कारण नियम सांगितला म्हणजे पाळलाच असे या विद्यार्थ्याच्या बाबतीतही घडत नाही.

औषधांच्या मात्रेचा विषय तर याहून नाजूक. २०१० साली भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या द्रव्याचा अंश युरोपातील मर्यादेपेक्षा अधिक आढळला, माल तेथे अडकला, आणि नाशिकच्या बागायतदारांचे कंबरडे मोडले. त्यात कोणत्याही यंत्राचा हात नव्हता. सर्व माणसांचेच काम होते. परंतु एका फवाऱ्याचा परिणाम समुद्रापलीकडील बंदरात कसा निघतो हे त्यावरून कळते. सबब शहाणपण यात आहे की, कोणते औषध किती घ्यावे आणि फवारणीनंतर किती दिवस तोडणी करू नये, याविषयी यंत्राने स्वतःचे एक अक्षरही रचू नये. सरकारमान्य लेबलावरील मजकूर जसाच्या तसा वाचून दाखवावा, आणि तो हाताशी नसेल तर "हे मला सांगता येत नाही, भाऊंना जोडून देतो," असे म्हणावे. 'मला येत नाही' हे वाक्य या गुमास्त्याला शिकविण्यात निम्मी शिकवणी खर्च होते. विक्रेत्याने आठ दिवस सांगितले ते हे वाक्य सोडून.

आणि यंत्र चुकलेच तर भरून कोणी द्यावयाचे? या प्रश्नाचा निकाल कॅनडात लागलेला आहे. तेथील एअर कॅनडा या विमान कंपनीच्या एका उतारूच्या आजीचे २०२२ साली निधन झाले. घरात मृत्यू घडल्यास प्रवासभाड्यात सवलत मिळते. त्याने कंपनीच्या चॅटबॉटला विचारले, तेव्हा चॅटबॉट म्हणाला की तिकीट आता पूर्ण दराने घ्यावे आणि नव्वद दिवसांच्या आत सवलतीसाठी अर्ज करावा. कंपनीचा खरा नियम तसा नव्हता. प्रवासानंतर सवलत मिळत नसे. पैसे नाकारले गेले तेव्हा उतारू ब्रिटिश कोलंबियातील न्यायाधिकरणाकडे गेला. कंपनीने तेथे असा बचाव मांडला की चॅटबॉट हा स्वतंत्र असून आपल्या बोलण्याला तोच जबाबदार आहे! फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायाधिकरणाने हा बचाव झिडकारला आणि व्याज व खर्च धरून सुमारे ८१२ कॅनेडियन डॉलर देण्याचा हुकूम केला. रक्कम लहान, पण गुमास्त्याच्या शब्दाला पेढी बांधलेली असते हा आपल्याकडील जुन्या सावकारीतला न्याय तेथे पुन्हा एकदा लिहून निघाला. विंचूरच्या कंपनीत मात्र निराळीच अडचण आहे. येथे भरपाई देणारी कंपनी शेतकऱ्यांचीच. म्हणजे एका सभासदाचे नुकसान उरलेल्या सभासदांच्या खिशातून भरून निघावयाचे.

बोलण्याच्या रीतीविषयीही दोन शब्द सांगणे अवश्य आहे. यंत्राची मराठी पुष्कळदा सरकारी परिपत्रकासारखी असते: "कृपया आपल्या समस्येचे स्वरूप नमूद करावे." किंवा इंग्रजीत लहानथोरांस एकच सर्वनाम असल्यामुळे ती सत्तरीच्या आजोबांना एकदम 'तू' म्हणून मोकळी होते. गावात भाऊ वडीलधाऱ्यांना नाना, आबा, काकू म्हणतो आणि 'बोला' या एका शब्दाने सुरुवात करतो. यंत्राने नाना-आबा म्हणू नये. ते खोटे वाटते. परंतु सर्वांस 'तुम्ही' म्हणावे, वाक्ये लहान करावीत, आकडा सांगितल्यावर तो क्विंटलचा की किलोचा हे सांगावे, आणि आरंभीच आपण यंत्र आहो हे कबूल करावे. ज्यांना लिहिता येत नाही किंवा चष्म्यावाचून दिसत नाही त्यांच्यासाठी आवाजाची सोय पाहिजे. आणि ट्रॅक्टर चालू असताना, वाऱ्यात उभे राहून बोललेली बोली यंत्राच्या कानी नीट पडते का, हे कचेरीच्या बंद खोलीत नव्हे, बाजार आवारात उभे राहूनच तपासले पाहिजे.

आता राहिला भाऊ. यंत्र आले म्हणजे त्याचे काय, हा प्रश्न संचालकांच्या सभेत कोणी मोठ्याने विचारीत नाही. पण भाऊच्या घरी तो रोज विचारला जातो. स्वीडनमधील क्लार्ना या उधारीचा व्यवहार करणाऱ्या कंपनीने फेब्रुवारी २०२४ मध्ये गाजावाजा करून जाहीर केले होते की, तिचा यंत्रसहायक सातशे माणसांचे काम करतो. पुढच्याच वर्षी तिच्या प्रमुखांनी कबूल केले की काटकसरीच्या भरात सेवेचा दर्जा उतरला, आणि कंपनी ग्राहकांशी बोलण्यासाठी पुन्हा माणसे घेऊ लागली. विंचूरला सातशे माणसे नाहीत, एकच आहे. आणि यंत्राला जे जे शिकविले ते त्याच्याच वहीतून. त्याला काढून टाकले तर पुढच्या हंगामाची वही लिहिणार कोण? आपले ज्ञान पंधरा दिवस उकलून सांगणाऱ्या माणसाला त्याचा मोबदला म्हणून घरी बसविणे अन्यायाचे तर आहेच. पण हिशेबातही ते मूर्खपणाचे आहे. बरे काम चालते तेथे व्यवस्था अशी असते की, सुट्टी कधी, बियाणे आले का, आजचा भाव काय, ही रोजची चौकशी यंत्र उरकते आणि अडलेला प्रश्न भाऊकडे येतो. पगार तोच राहतो किंवा वाढतो, आणि सायंकाळी एक तास त्याला एका नव्या कामासाठी मोकळा मिळतो.

ते काम म्हणजे त्या दिवशीच्या संभाषणांची तपासणी. यंत्राने दिलेली उत्तरे कागदावर छापून येतात. भाऊ लाल पेन घेऊन बसतो. येथे जुने दरपत्रक वाचले, कपाटातून काढा. येथे 'खरड का गोडी' विचारले नाही. येथे शेतकऱ्याने तोच प्रश्न तीनदा विचारला, म्हणजे उत्तर समजले नाही. सभासदांची नावे आणि फोन क्रमांक कागदावर छापू नयेत असे त्याने पहिल्याच आठवड्यात सांगितलेले असते. २०२३ सालच्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याची हकीकत त्याला नंतर कळली, पण कोणाचा किती माल चाळीत आहे हे चारचौघांत जाऊ नये, हे त्याला कायद्यावाचूनच कळत होते. क्रमांक पाहावयाचा असेल तर त्याने स्वतः यंत्रात उघडून पाहावा, एवढीच मुभा ठेवलेली.

असा एखाद्या सायंकाळचा कागद समोर आणला तर त्यावर सत्तर-ऐंशी प्रश्न दिसतील. बहुतेक भावाचे, काही बियाण्यांचे, दोन-तीन औषधांचे. आणि मध्येच एक असा असेल: "आमचे मालक सकाळी ट्रॅक्टर घेऊन विंचूरला आले आहेत. फोन उचलत नाहीत. लिलाव आटोपला का?" यंत्राने त्याखाली लिलावाच्या वेळा दिलेल्या आहेत, सत्रे किती, सुरू केव्हा होतात, सर्व अचूक. चूक म्हणावे असे त्यात एक अक्षर नाही. भाऊ लाल पेन खाली ठेवतो, यंत्रात तो क्रमांक उघडतो आणि फोन लावतो.